डोळा पाहून कात्री

शहरांतल्या घरांचीं अंगणें गेलीं, तरी झाडांची हौस गेली नाहीं. ज्या कुटुंबांतील आजीनें तुळशीवृंदावनाभोंवतीं जास्वंद, मोगरा आणि सोनटक्का लावला होता, त्याच कुटुंबांतील नातवंडें आज चौथ्या-पांचव्या मजल्यावरील गॅलरींत रबराचें झाड, मॉन्स्टेरा, क्रोटन आणि अरेका पाम सांभाळीत असतात. फुलझाडांना ऊन भरपूर लागतें आणि गॅलरींत तें तास-दोन तासच येतें. त्यामुळें शोभेचें काम फुलांकडून पानांकडे आलें आहे. तळहाताएवढीं, कधीं सुपाएवढीं, चकचकीत अथवा चित्रविचित्र रंगांचीं पानें हींच आतां बैठकीच्या खोलीचीं फुलें होत. गुलाबाची छाटणी कशी करावी हें सांगणारे चार जण कोणत्याहि आळींत भेटतात. मोठ्या पानांच्या झाडांच्या छाटणीविषयीं मात्र बहुतेक घरांत मौन असतें, आणि त्या मौनाची किंमत झाडांना द्यावी लागते.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. पंधरा वर्षांपूर्वीं घरांतील वडील माणसानें वीतभर उंचीचें रबराचें रोप आणून कुंडींत लावलें. रोज सकाळीं चहा झाल्यावर ओल्या फडक्यानें एकेक पान पुसण्याचा त्यांचा नेम होता. आतां ते गृहस्थ नाहींत. झाड मात्र गॅलरीच्या छताला टेकलें आहे. शेंडा छताखालीं वांकला आहे, खालचा तीन हात बुंधा उघडा पडला आहे आणि जोराचा वारा सुटला कीं कुंडी कलंडते. सून म्हणते, झाड सोसायटीच्या आवारांत नेऊन लावावें. मुलगा म्हणतो, थोडें कापून पाहावें. सासूबाई म्हणतात, "त्यांच्या हातचें झाड आहे, त्याला कात्री लावायची नाहीं." तिघांचेंहि म्हणणें समजण्यासारखें आहे. परंतु यांपैकीं झाडाला काय मानवेल हा प्रश्न झाडाच्या शरीररचनेचा आहे, आणि त्याचें उत्तर मिळालें म्हणजे घरांतला वादहि बराचसा निवळतो.

छाटणीच्या बाबतींत माणसें दोन टोकांचीं असतात. एक जण झाडाला दुखेल म्हणून पिकलेलें पानहि काढीत नाहीं. दुसरा दिवाळीच्या साफसफाईच्या उत्साहांत कात्री घेतो आणि हाताला येईल तें कापीत सुटतो. हा दुसरा मनुष्य बहुधा कुंपणाची छाटणी पाहून शिकलेला असतो. मेंदीच्या किंवा डुरांटाच्या कुंपणावर माळी लांब पात्यांची कात्री सपाट चालवितो, आणि कुंपण सुबक दिसतें. कारण तेथें पानें नखाएवढीं असतात, त्यांतील शेंपन्नास अर्धीं कापलीं गेलीं तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तीच कात्री क्रोटनवर किंवा रबरावर चालविली म्हणजे प्रत्येक पान अर्धें तुटतें, कापलेली कड वाळून तपकिरी होते, आणि तें अर्धें पान महिनोन् महिने झाडावर तसेंच राहतें.

याचें कारण असें कीं, पान म्हणजे केंस नव्हे. हिरवळीचें गवत कितीहि वेळां कापलें तरी वाढतें, कारण गवताच्या पात्याची वाढ त्याच्या बुडाशीं होत असते. वरचा भाग गाईनें खाल्ला किंवा यंत्रानें कापला, तरी खालून पातें पुढें सरकतें. रबराच्या, क्रोटनच्या अथवा मॉन्स्टेराच्या पानाची गोष्ट निराळी. तें पान एकदां पूर्ण आकाराचें झालें कीं त्याची वाढ कायमची थांबते. त्याचा जो भाग गेला तो पुन्हां येत नाहीं. म्हणून पहिला नियम हा कीं, मोठें पान काढावयाचें तर देठासकट काढावें, नाहीं तर त्याला हात लावूं नये. याला अपवाद एकच. एखाद्या पानाचें नुसतें टोंक वाळलें असेल, तर पानाच्या मूळ आकाराप्रमाणें तेवढेंच टोंक बारीक कात्रीनें काढावें, आणि वाळलेल्या भागाची सुताएवढी कड शिल्लक ठेवावी. कात्री हिरव्या भागांत शिरली तर नवी कड पुन्हां वाळते.

पान येत नाहीं, मग कापल्यावर येतें तें काय? येतो तो कोंब, आणि कोंब येतो डोळ्यांतून. हा शब्द महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला नवा नाहीं. उसाचें बेणें तोडतांना तो डोळे मोजून टिपरी तोडतो. कांडें कितीहि लांब असलें, तरी ज्या टिपरीला चांगला डोळा नाहीं तिच्यांतून ऊस उगवत नाहीं हें त्याला ठाऊक असतें. हाच डोळा रबरालाहि असतो आणि मॉन्स्टेरालाहि असतो. पानाचा देठ जेथें खोडाला मिळतो त्या पेरावर, देठाच्या बगलेंत, तो निजलेला असतो. पान गळून गेलें तरी पेराची खूण आणि डोळा हीं दोन्ही खोडावर राहतात. रबराच्या झाडावर हें पेर ओळखणें फार सोपें आहे. त्याचें नवें पान एका तांबूस टोपणांत गुंडाळलेलें असतें. तें टोपण गळतांना खोडाभोंवतीं अंगठीसारखी गोल खूण ठेवून जातें. बुंधा उघडा पडलेल्या झाडावरहि या अंगठ्या वर्षानुवर्षें दिसतात, आणि प्रत्येक अंगठीपाशीं डोळा जागा होण्याची शक्यता असते.

हे डोळे एरव्हीं कां फुटत नाहींत? वर्गांत मास्तर उभे असेपर्यंत मुलें गप्प असतात, तसा कांहींसा हा प्रकार आहे. शेंड्यामध्यें ऑक्झिन नांवाचें एक द्रव्य तयार होऊन खालीं उतरत असतें, आणि त्याच्या प्रभावानें खालचे डोळे निजलेले राहतात. थीमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. रोपाचा शेंडा खुडतांच बाजूचे डोळे फुटले. परंतु खुडलेल्या जागीं तेंच द्रव्य लावून ठेवलें, तेव्हां डोळे निजूनच राहिले. पुढें २००८ सालीं डोळ्यांना आवरून धरणारें आणखी एक द्रव्य, स्ट्रायगोलॅक्टोन, ओळखलें गेलें. आणि २०१४ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, शेंडा जातांच त्याच्या वांट्याची साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते, व हेंहि त्यांच्या जागें होण्याचें एक कारण आहे. गॅलरींतल्या कात्रीपुरता याचा अर्थ सरळ आहे. शेंडा काढला कीं खालचे डोळे जागे होतात. आणि कोठें कापलें यावर कोणते डोळे जागे होतील हें ठरतें.

तेव्हां छाटणीची विद्या ही मुख्यतः डोळा कोठें आहे हें ओळखण्याची विद्या आहे. या दृष्टीनें पाहिल्यास मोठ्या पानांच्या झाडांचे चार वर्ग पडतात, आणि प्रत्येकाचा कायदा निराळा आहे.

पहिला वर्ग लांकडी खोडाच्या झाडांचा: रबर, सारंगीच्या आकाराच्या पानांचा फायकस, क्रोटन इत्यादि. यांच्या खोडावर पेरोपेरीं डोळे असतात. ज्या उंचीवर झाडाला फांद्या फुटाव्यात असें वाटतें, तेथील एक डोळा निवडावा आणि त्याच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर तिरका काप घ्यावा. काप डोळ्याच्या फार जवळ घेतला तर डोळा वाळतो. फार वर घेतला तर डोळ्याच्या वरचें लांकूड खुंटीसारखें वाळून कुजतें. उबदार हवेंत कांहीं आठवड्यांतच कापाच्या लगतचे एक-दोन किंवा तीन डोळे फुगूं लागतात. क्रोटनचीं झाडें जुनीं झालीं म्हणजे खालीं काड्या आणि वर पानांचा झुपका अशीं दिसूं लागतात. त्यांच्या सर्व फांद्या एकदम न तोडतां एका वर्षीं एक-तृतीयांश, दुसऱ्या वर्षीं आणखी एक-तृतीयांश अशा खालीं आणाव्यात. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या रबरावर कधीं कधीं एखादी फांदी निव्वळ हिरव्या पानांची येते. हिरवा भाग अधिक असल्यामुळें ती अधिक अन्न तयार करते, जोमानें वाढते आणि कांहीं वर्षांत रंगीत फांद्यांना मागें टाकते. ती दिसतांच बुडापासून काढावी.

या वर्गांतील रबराचें झाड मूळचें परक्या देशांतलें आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तें भारताच्या ईशान्य भागांतलें रहिवासी आहे, आणि त्याला इलॅस्टिका हें शास्त्रीय नांव देणारे विल्यम रॉक्सबर्ग हे कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते. आसामांत चारद्वार येथें १८७३ सालीं या झाडाची लागवड त्याच्या चिकासाठीं सुरू करण्यांत आली होती. पुढें ब्राझीलच्या रबरापुढें ती मागें पडली. मेघालयांतील खासी आणि जैंतिया डोंगरांत लोक याच झाडाचीं हवेंत लोंबणारीं मुळें ओढ्यावरून पलीकडे नेऊन त्यांचे जिवंत पूल तयार करतात. जें झाड ओढ्यावर पूल होऊं शकतें, तें गॅलरीच्या छताला टेकलें यांत नवल नाहीं. अशा झाडाला कुंडींत ठेवणें म्हणजे त्याची नियमित छाटणी करण्याचें वचन देणेंच होय.

दुसरा वर्ग मांसल खोडाच्या आणि वेलीसारख्या झाडांचा: मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, डिफेनबॅकिया. मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला. तो मोठ्या झाडाच्या आधारानें चढतो आणि पेरापेरांतून दोरीसारखीं मुळें सोडतो. हीं मुळें अनेकांना विद्रूप वाटतात व ते तीं कापून टाकतात. खरें पाहतां वेलीचा आधार आणि तहान हीं दोन्ही त्यांवर अवलंबून असतात. तीं शेवाळाच्या खांबाकडे किंवा कुंडींतल्या मातींत वळवावींत. वेल फार लांबली म्हणजे पेराच्या खालीं कापावी, म्हणजे कापलेल्या तुकड्यावर एक पेर, एक डोळा आणि शक्य तर एक मूळ राहील. असा तुकडा मातींत अथवा पाण्यांत लावला तर नवें झाड होतें. परंतु नुसतें पान लांब देठासकट तोडून पाण्यांत ठेवलें, तर घरच्या माणसांची मोठी फसगत होण्याचा संभव असतो. अशा पानाला कधीं मुळेंहि फुटतात, तें वर्षभर टवटवीत राहतें, सर्वांना आशा वाटते. परंतु त्याला डोळाच नसल्यामुळें दुसरें पान कधींच येत नाहीं.

या वर्गाच्या बाबतींत एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. हीं सारीं झाडें अळूच्या कुळांतलीं आहेत. अळूची भाजी नीट न शिजली तर घशाला खाज सुटते, आणि म्हणूनच सुगरण तींत चिंच किंवा आंबट चुका घालते. ती खाज ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळें होते, ते कण या शोभेच्या झाडांच्या रसांतहि असतात. डिफेनबॅकियामध्यें तर विशेषच. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थच मुका करणारा वेत असा आहे, कारण त्याचा तुकडा चावला असतां जीभ व घसा सुजून बोलणें बंद होतें. म्हणून हातमोजे घालून छाटणी करावी, कापलेले तुकडे मुलांच्या व मांजर-कुत्र्यांच्या वाटेंत क्षणभरहि ठेवूं नयेत, आणि काम संपल्यावर हात व कात्री साबणानें धुवावी. एखाद्या मुलानें तुकडा तोंडांत घातलाच, तर तोंड पुसून व धुवून विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. एवढें सांभाळलें तर डिफेनबॅकियासारखें छाटणीला सोशिक झाड विरळा. उंच वाढून तोल गेलेलें खोड जमिनीपासून चार-सहा बोटें ठेवून कापलें, तरी बुडाचे डोळे फुटून झाड पुन्हां भरदार होतें.

तिसरा वर्ग कंदाच्या झाडांचा: कर्दळ, हेलिकोनिया आणि शोभेची केळ. यांचे महत्त्वाचे डोळे जमिनीखालीं, कंदावर असतात. वर जें खोड दिसतें तें पुष्कळ अंशीं पानांच्या एकांत एक गुंडाळलेल्या आवरणांचें झालेलें असतें. केळीचा खांब सोलून पाहणाऱ्या कोणालाहि हें कळतें. फुलोरा येण्यापूर्वीं केळीचा वाढता अंकुर जमिनीच्या पातळीशींच असतो. म्हणून खांब मध्यें कापला, तरी कापाच्या मधोमध पानाचा पोंगा वर येतांना दिसतो. एकदां फूल येऊन गेलें म्हणजे मात्र त्या खांबाचें काम संपतें. तो मध्येंच कापून फुटण्याची वाट पाहण्यांत अर्थ नसतो. तो जमिनीलगत काढून टाकावा, म्हणजे बाजूच्या पिल्लांना प्रकाश आणि जागा मिळते. कर्दळीचेंहि तसेंच. दांड्यावरील फुलें संपलीं कीं तो दांडा बुडापासून काढावा. कर्दळीचा ताटवा रोडावला अशी तक्रार ज्या घरीं ऐकूं येते, तेथें बहुधा फुलून गेलेल्या दांड्यांची गर्दी तशीच उभी असते.

चौथा वर्ग ताडाच्या कुळाचा, आणि येथें चूक झाली तर तिला दुरुस्ती नाहीं. माडाचा शेंडा गेला कीं माड गेला, हें कोंकणांतल्या पोरालाहि माहीत असतें. गेंड्या भुंग्याची बागाईतदाराला एवढी धास्ती वाटते ती याचमुळें. माडाप्रमाणेंच कुंडींतल्या पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा डोळा एकच, आणि तो शेंड्यांत. मादागास्करहून आलेला अरेका पाम आपल्याकडे घरोघरीं आहे. त्याला झुडपासारखीं अनेक खोडें असल्यामुळें तो उंच झाला कीं लोक रबराप्रमाणें त्याचा माथा छाटतात. छाटलेलें खोड पुन्हां पान देत नाहीं. तें वाळून जातें. उंच झालेलें खोड नको असेल तर तें जमिनीलगत पूर्ण काढावें आणि बुडाच्या कोंवळ्या खोडांना वाढूं द्यावें. झांवळ्याहि पूर्ण वाळल्यावरच काढाव्यात. पिवळी पडत असलेली जुनी झांवळी पुष्कळदां आपल्यांतील पोटॅश वरच्या कोंवळ्या पानांना देत असते. ती घाईनें काढली तर झाड पुढच्या हिरव्या झांवळीतून पोटॅश ओढूं लागतें, आणि पिवळेपणा एक पायरी वर चढतो.

आतां वेळ आणि प्रमाण यांचा विचार. पश्चिम महाराष्ट्रांत लांकडी खोडाच्या झाडांना छाटणीसाठीं दोन काळ चांगले: थंडी सरून झाडें हलूं लागतात तो फेब्रुवारी-अखेर ते मार्चचा काळ, आणि पावसाळ्याचा आरंभ. डिसेंबर-जानेवारींत डोळे सुस्त असतात, त्यामुळें कापलेलें झाड दोन-दोन महिने उघडें उभें राहतें. मे महिन्याच्या उन्हांत एकाएकीं उघडा पडलेला बुंधा भाजून निघतो. वाळलेलें किंवा रोगट पान काढण्याला मात्र मुहूर्त पाहण्याचें कारण नाहीं. प्रमाणाविषयीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पान हें झाडाचें स्वयंपाकघर आहे. बारीक पानांच्या झाडाचीं वीस पानें गेलीं तरी त्याला कळत नाहीं; परंतु ज्या झाडाला सारीं पंधरा मोठीं पानें आहेत, त्याचीं पांच पानें काढलीं तर तिसरा हिस्सा अन्न बंद झालें. म्हणून सुदृढ झाडाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळीं काढूं नये, आणि आजारी झाडाला आधीं बरें होऊं द्यावें.

हत्यार धारदार सिकेटर असावें. बोथट पात्यानें खोड कापलें न जातां चेंगरतें, आणि चेंगरलेल्या जागीं कुजण्याची सुरवात होते. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागूं नये म्हणून झाड बदलतांना पातीं स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावींत. रबराच्या कापांतून पांढरा चीक येतो. तो त्वचेला व डोळ्यांना झोंबतो आणि फरशीवर डाग पाडतो. म्हणून खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें आणि कापावर थंड पाण्याचा बोळा थोडा वेळ दाबून धरावा, म्हणजे चीक थांबतो. जाड फांदी काढावयाची असेल तर तिच्या बुडाशीं जो किंचित् फुगीर कडा असतो तो राखावा. अमेरिकेंतील वन-शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनीं हजारों झाडें उभीं चिरून पाहिलीं आणि असें दाखविलें कीं, झाड जखम भरून काढीत नाहीं, तर तिच्याभोंवतीं आंतून भिंत घालून कुज अडवितें. आणि त्या भिंतीचा मोठा आधार म्हणजे हा फुगीर कडा. तो खोडाशीं सपाट कापला तर भिंतच तुटते. उलट लांब खुंटी ठेवली तर ती कुजून आंत मार्ग करते. जखमेवर डांबर किंवा तैलरंग फांसल्यानें कुज थांबत नाहीं, हेंहि त्यांच्याच संशोधनानें पुढें आलें.

छाटणीनंतर झाडें मरतात तीं बहुधा कात्रीनें नव्हे, तर मायेनें. झाडाला लागलें असेल या भावनेनें घरांतील प्रत्येक जण त्याला पाणी घालतो, कोणी मूठभर खतहि टाकतो. वास्तविक पानें कमी झालीं म्हणजे झाडाचें पाणी पिणेंहि कमी होतें. पूर्वीच्याच मापानें पाणी घातलें तर कुंडी ओली राहते, मुळें गुदमरतात आणि कुजतात. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्याशिवाय पाणी देऊं नये. खत नवे कोंब दिसल्यावरच द्यावें. कुंडी बदलणें त्याच दिवशीं करूं नये. झाड उजेडांत ठेवून वाट पाहावी. ही वाट पाहणें हाच छाटणीचा सर्वांत कठीण भाग आहे.

हें सर्व ध्यानांत घेऊन त्या छताला टेकलेल्या रबराकडे परत वळावें. सोसायटीच्या आवारांत लावण्याचा सुनेचा विचार वरवर सोयीचा आहे. परंतु हें झाड जमिनींत मोकळें झालें कीं फार मोठें होतें, त्याचीं मुळें भिंती आणि गटारें यांपर्यंत पोंचतात. आणि १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांविषयींच्या कायद्याप्रमाणें शहरांतलें झाड परवानगीशिवाय तोडतां येत नाहीं. आज कुंडींतून सुटलेला प्रश्न वीस वर्षांनीं इमारतीपुढें उभा राहावयाचा. मुलाचा छाटणीचा विचार बरोबर आहे, पण "थोडें कापून पाहण्यांत" धोका आहे. दोन पानांचा शेंडा खुडला तर फांद्या छतापाशींच फुटतील आणि खालचा बुंधा उघडाच राहील. काप खालीं, कमरेच्या उंचीवर घ्यावा लागेल. पण त्या काळांत सारीं पानें वरच्या भागांतच असल्यामुळें हा घाव मोठा आहे, आणि सासूबाईंच्या मनांतली भीति अगदींच अनाठायीं नाहीं.

यावर माळ्यांचा जुना उपाय गुटी कलमाचा आहे. पावसाच्या सुरवातीस, पानांच्या झुपक्याखालीं हातभर अंतरावर, एका पेराच्या जरा खालीं खोडाची साल दोन ते तीन सेंटिमीटर रुंदीच्या अंगठीएवढी काढावी. चीक पुसून त्या जागेभोंवतीं भिजवून पिळलेलें शेवाळ मुठीएवढें बांधावें आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद दोन्ही टोंकांना घट्ट आंवळावा. खोडांतील लांकडामधून पाणी पूर्वींप्रमाणें वर जात राहतें, म्हणून पानें कोमेजत नाहींत. परंतु पानांनीं तयार केलेलें अन्न सालींतून खालीं उतरतें. तें त्या अंगठीपाशीं अडतें आणि तेथें मुळें फुटतात. साधारण दीड-दोन महिन्यांत कागदांतून मुळांचें जाळें दिसूं लागलें म्हणजे त्याच्या खालीं कापून वरचा भाग नव्या कुंडींत लावावा. मग कुंडींतला उरलेला बुंधा कमरेच्या उंचीवर, अंगठीची खूण आणि डोळा पाहून छाटावा. बुंध्यांत व मुळांत सांठविलेल्या अन्नावर तो नवे कोंब फोडतो. त्याला पाणी मात्र अगदीं बेतानें द्यावें.

जुनें गेलें म्हणजे झाड गेलें असें नसतें, याची साक्ष रबराच्याच एका भाऊबंदानें दिली आहे. शिबपूरच्या उद्यानांतील प्रसिद्ध महावटाचा मूळ बुंधा वादळांच्या तडाख्यानंतर बुरशीनें पोखरला, आणि १९२५ सालीं तो कापून काढण्यांत आला. शंभरांहून अधिक वर्षांचा तो बुंधा काढतांना तेथील लोकांच्या मनांतहि चलबिचल झाली असेल. आज मूळ बुंध्यावांचून, केवळ पारंब्यांच्या आधारावर, तो वड एकरांच्या विस्तारावर उभा आहे.

त्या घरांत आषाढांत गुटी बांधली, तर दसऱ्याच्या सुमारास एकाच्या जागीं दोन कुंड्या असतील. एक मुलाच्या गॅलरींत राहील आणि दुसरी, हवी असेल तर, सासरीं गेलेल्या मुलीच्या घरीं जाईल. दोन्ही झाडें त्याच गृहस्थांच्या हातचीं. बी-बियाणें मध्यें न येतां, त्याच देहाचीं झालेलीं. उघड्या बुंध्यावर पहिला तांबूस कोंब दिसेपर्यंत सासूबाईंना धीर धरावा लागेल. तो उघडून पान पुरतें मोठें झालें म्हणजे ओलें फडकें घेऊन सकाळचा नेम पुन्हां सुरू करावयास हरकत नाहीं. रबराच्या पानावर धूळ बसूं न देणें हें छाटणीइतकेंच त्याच्या हिताचें आहे.